पांचगणीचा एक विद्यार्थी

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हंसूं येईल. विलायती रॉक संगीताशीं माझें कधींच जमलें नाहीं. तरीहि ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचें पूर्वचरित्र मीं आवडीनें वाचलें. या गायकाचें शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यांत, पांचगणीस झालें. आणि शिक्षकानें ओळखलेला, पण परीक्षेनें न ओळखलेला असा तो विद्यार्थी होता. जन्मभर फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसाला असें चरित्र सहजासहजीं खालीं ठेववत नाहीं.

त्याचें मूळ नांव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजीबार बेटावर. आईबाप पारशी, गुजराथेंतील बलसार, म्हणजे हल्लींचें वलसाड, या गांवाशीं घराण्याचें असलेलें नातें आडनांवावरूनच कळतें. झांजीबार तेव्हां इंग्रजांच्या संरक्षणाखालीं होतें व वडील बोमी बलसारा हे तेथील हायकोर्टांत रोखपाल होते. मुलाला चांगलें इंग्रजी शिक्षण मिळावें म्हणून आठ वर्षांच्या फारोखला समुद्रमार्गें हिंदुस्थानांत पाठविण्यांत आलें आणि तो पांचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेंत दाखल झाला. आठ वर्षांचें पोर घरापासून समुद्रापलीकडे! लहान सुट्या तो मुंबईस आजीकडे काढी.

‘फ्रेडी’ हें नांव त्याला या शाळेंतच मिळालें. तोंडांत चार दांत अधिक असल्यामुळें पुढचे दांत बाहेर आलेले. मुलें त्यावरून चिडवीत. मुलगा लाजाळू, पण हातापायांनीं चपळ. टेबल टेनिसमध्यें तो तरबेज होता आणि १९५८ सालीं लहान गटांतील अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्यास चषक मिळाला. परंतु खरी गोष्ट निराळीच आहे. या मुलाला सुरांचें विलक्षण अंग आहे, हें शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं आईबापांना पत्र लिहून कळविलें, कीं थोडी जादा फी भरल्यास मुलाला पियानोची शिकवणी देतां येईल. आईबापांनीं होकार दिला. फ्रेडी पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत गेला. वादन आणि शास्त्र या दोन्ही अंगांत. रेडिओवर ऐकलेलें गाणें तो लगोलग पियानोवर वाजवून दाखवी, अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे. १९५८ च्याच सुमारास पांच मित्रांनीं ‘द हेक्टिक्स’ नांवाचा बॅंड काढला व शाळेच्या समारंभांतून ते वाजवूं लागले. मौज अशी, कीं पुढें जगाला आपल्या गळ्यानें वेड लावणारा हा मुलगा तेथें पियानोवर बसे. मुख्य गायक दुसराच होता!

अभ्यासांतून मात्र त्याचें लक्ष उडालें. दहावीच्या परीक्षेंत यश आलें नाहीं आणि १९६३ सालीं तो झांजीबारला परतला. पुढच्याच वर्षीं, १२ जानेवारी १९६४ रोजीं, तेथें राज्यक्रांति झाली व रक्तपात सुरूं झाला. बलसारा कुटुंबानें बेट सोडलें आणि लंडनजवळील फेल्टम येथें लहानशा घरांत संसार थाटला. फ्रेडी तेव्हां सतरा वर्षांचा होता.

इंग्लंडांत त्यानें संगीत नव्हे, चित्रकला निवडली. प्रथम आयलवर्थ येथें व नंतर ईलिंगच्या कलाशाळेंत शिकून त्यानें १९६९ सालीं पदविका मिळविली. विमानतळावर सामान उचलण्याचें कामहि त्यानें केलें. केन्सिंग्टनच्या बाजारांत जुन्या कपड्यांचा गाळा चालविला. एकीकडे तो लहानसहान बॅंडमधून गात होता. पण त्यांपैकीं एकहि टिकला नाहीं. ‘स्माईल’ नांवाच्या बॅंडचा गायक त्याचा कलाशाळेंतील सोबती होता. १९७० सालीं तो बाहेर पडला आणि ती जागा फ्रेडीस मिळाली. ‘क्वीन’ हें नवें नांव त्यानेंच सुचविलें. स्वतःचें आडनांव बदलून ‘मर्क्युरी’, म्हणजे बुध, असें केलें. आणि चौघां सभासदांच्या जन्मराशींचीं चिन्हें घेऊन बॅंडचें बोधचिन्हहि स्वतः रेखाटलें. कलाशाळेची विद्या वायां गेली नाहीं, ती अशी!

या चौकडींत ब्रायन मे खगोलशास्त्राचा अभ्यासक, रॉजर टेलर दंतवैद्यकाचा विद्यार्थी आणि १९७१ सालीं आलेला जॉन डीकन विद्युत्‌शास्त्राचा. त्यांची पहिली तबकडी १९७३ सालीं निघाली. खरी कीर्ति मिळाली ती १९७५ च्या ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’नें. रेडिओवर गाणें तीनएक मिनिटांचें असावें असा तेव्हां संकेत. हें गाणें ५ मिनिटें ५५ सेकंदांचें. त्यांतील ऑपेराच्या भागांत मोठा गायकसमूह गात आहे असें वाटतें. प्रत्यक्षांत आवाज तिघांचेच. फीत फिरवून त्याच तिघांनीं पुन्हां पुन्हां गावें, आधींच्या आवाजांवर नवे आवाज चढवावे, मग ते सर्व एकत्र करून त्यावर आणखी थर द्यावे, अशी ही रीत. त्या एका भागाला सुमारें तीन आठवडे लागले. इंग्लंडांत तें गाणें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. अधिक दांत काढून घेण्यास मात्र फ्रेडीनें कधीं संमति दिली नाहीं. आवाज बदलेल अशी त्यास भीति होती.

पुढील कथा आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. १३ जुलै १९८५ रोजीं वेंब्लीच्या मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठीं झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमांत अवघ्या वीस-एक मिनिटांत त्यानें सुमारें ७२,००० लोकांना एका सुरांत आणलें. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, एड्सच्या विकारानें त्याचें निधन झालें. अंत्यविधि पारशी धर्माप्रमाणें झाला.

आतां शेवटीं एक कबुली देतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. गणिताच्या तासाला तो बोटांनीं बांकावर ताल धरी. मीं त्याला कितीदां वर्गाबाहेर उभें केलें; एकदां पट्टीहि मारली. त्याचा ताल चुकत नाहीं, हें मला तेव्हांहि ऐकूं येत होतें. पण त्याच्या वडिलांना मीं जें पत्र लिहिलें, तें गणितांतील गुणांविषयीं होतें. तालाविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. बांकावर ताल धरणारा प्रत्येक मुलगा मोठा कलावंत होतो असें मी म्हणत नाहीं, आणि फ्रेडीच्या मुख्याध्यापकांनाहि पुढचें कांहीं दिसलें नसेल. त्यांनीं जें ऐकलें तें घरीं कळविलें, एवढेंच. मला तेवढें करतां आलें असतें. ज्यांच्या घरीं मुलें आहेत, किंवा ज्यांच्या हातीं वर्ग आहे, त्यांनीं असें पत्र लिहिण्याचें लांबणीवर टाकूं नये, ही विनंती करून मी आपली रजा घेतों.