मधुमेह्याचा पाय आणि सांथीचीं दोन वर्षें

पायांत काटा मोडला म्हणजे आपण कळवळतों आणि तो काढून टाकितों. ही वेदना आपली रक्षणकर्तीच होय. मधुमेह जुना झाला म्हणजे रक्तांतील वाढलेली साखर पायांचे मज्जातंतू बधिर करिते व रक्तवाहिन्या अरुंद करिते. मग काटा मोडला, चुलीपाशीं चटका बसला, तरी कळत नाहीं. आणि रक्त पुरेसें न पोंचल्यामुळें जखमही भरत नाहीं. ती चिघळते, बोट काळें पडतें, आणि शेवटीं पाय कापण्याची पाळी येते. दुखत नाहीं म्हणून रोगी स्वस्थ बसतो, हें ह्या रोगाचें मोठें कपट आहे.

अशा पायास औषधाइतकीच नियमाची गरज असते. वरचेवर जखम उघडून पाहावी, मेलेलें मांस काढावें, पट्टी बदलावी, तरच पाय वांचतो. इ. स. २०२० मध्यें नेमका हाच क्रम तुटला. करोनाच्या सांथीमुळें २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. लोकलगाड्या तत्पूर्वींच थांबल्या होत्या. उंबरमाळी हें कसारा मार्गावरील लहानसें स्थानक. येथील माणसास लोकल बंद म्हणजे कल्याण-ठाण्याचा दवाखाना बंद, हें शहरवासीयांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. जूनमध्यें गाड्या सुरू झाल्या, त्या अत्यावश्यक सेवकांपुरत्या. सर्वसामान्यांस फेब्रुवारी २०२१ मध्यें ठराविक वेळीं प्रवेश मिळाला, तो एप्रिलांत पुन्हा गेला. पुढें १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांस मोकळीक झाली. ठाण्याचें जिल्हा रुग्णालयही सांथीच्या रोग्यांकरितां राखून ठेविलें होतें. मध्यंतरीं पावसाळे आले. भाताची लावणी कोणासाठीं थांबत नाहीं, आणि चिखलांत वहाण घालून कोण उतरतो?

विलंबाचें फळ परदेशांत मोजलें गेलें आहे. इटलींतील नेपल्स येथील एका रुग्णालयांत २०२० च्या टाळेबंदींतील रोगी मागील वर्षाच्या रोग्यांशीं ताडून पाहिले, तेव्हां अंगच्छेदाचा धोका तिपटीहून अधिक आढळला. रोगी आले, परंतु फार उशिरां आले.

चंदिगड येथील वैद्यांनीं दूरध्वनीवरून पाहणी करून निकडीचे रोगी तेवढे समक्ष बोलाविले. आपल्या सरकारनेंही मार्च २०२० मध्येंच दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. परंतु जखमेचें छायाचित्र पाठवावयाचें, तर घरांत तें काढणारा कोणी हवा. आणि तें कसब आजोबांपेक्षां नातवंडांस अधिक.

तेव्हां सांथ असो वा नसो, घरांत मधुमेही वडील मंडळी असल्यास रोज रात्रीं दिव्यापाशीं त्यांचे तळवे पाहा. बोटांच्या बेचक्यांत ओल राहूं देऊं नका. घट्टा पात्यानें कापूं देऊं नका. पाय धुवावयाचें पाणी आधीं तुम्ही कोपरानें पाहा. फोड, तांबूस डाग, ओलसर चीर दिसली, तर त्याच दिवशीं आरोग्य केंद्र गांठा. ‘दुखतें का?’ असें मात्र विचारीत बसूं नका. उत्तर ‘नाहीं’ असेंच येणार.