होकार कोणाचा? : मराठी कादंबरी व चित्रपटांतील प्रेम आणि विवाह

प्रेम, विरह आणि विवाह हे साहित्याचे फार जुने विषय आहेत. कादंबरी वाचताना किंवा चित्रपट पाहताना नायक-नायिकेच्या ताटातुटीने आपले डोळे पाणावतात. या दुःखाला जबाबदार कोण, असे कोणी विचारले तर आपण बहुधा नशिबाकडे नाहीतर खलनायकाकडे बोट दाखवतो. मराठीतील काही महत्त्वाच्या कलाकृतींनी मात्र याहून वेगळा प्रश्न विचारला आहे. तो असा : हे लग्न ठरले तेव्हा होकार कोणाचा घेतला होता? या पाठात आपण या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

एक खटला आणि एक कादंबरी

मुंबईच्या रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जाण्यास नकार दिला. अजाणतेपणी, माझ्या इच्छेविना झालेले लग्न मला बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि स्वदेशी परतून डॉक्टर म्हणून दीर्घकाळ सेवा केली.

या वादाचे पडसाद विरले नव्हते, अशा काळात हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. कादंबरीची नायिका यमुना आपली कहाणी स्वतःच सांगते. त्या काळच्या वाचकांना ही गोष्ट नवी होती. घराघरांत माजघराच्या अंधारात राहिलेला आवाज येथे प्रथमच इतक्या जवळून ऐकू आला.

यमुनेचे लग्न वडीलधाऱ्यांनीच ठरवलेले असते. तिला कोणी विचारत नाही, आणि तिच्या पतीला, रघुनाथरावांनाही नाही. तरीही या दोघांत हळूहळू स्नेह जडतो. रघुनाथराव तिला वाचायला शिकवतात आणि तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. मुंबईतील त्यांचे छोटे बिऱ्हाड हे कादंबरीतील सर्वांत प्रसन्न स्थळ होय. याउलट यमुनेची मैत्रीण दुर्गा हिच्या वाट्याला पतीकडून छळच येतो. दोघींची लग्ने एकाच रीतीने झालेली. मग एकीला सुख आणि दुसरीला दुःख का? उत्तर स्पष्ट आहे : सारे केवळ योगायोगावर सोपवलेले आहे. पुढे रघुनाथरावांचा मृत्यू होतो आणि यमुनेचे बळजबरीने केशवपन केले जाते. ज्या घराने लग्नाच्या वेळी तिचे मत विचारले नाही, ते वैधव्यातही विचारत नाही. कादंबरीचे शीर्षक म्हणजे समाजाला विचारलेला प्रश्नच आहे.

याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय त्याने दहावरून बारा वर्षे केले. एवढ्याशा बदलासाठीही मोठा वाद माजला, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

‘शारदा’ ते ‘कुंकू’

वृद्ध वर आणि अल्पवयीन वधू यांच्या लग्नाला जरठ-कुमारी विवाह म्हणत. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ या नाटकातून या रूढीवर प्रहार केला. पैशाच्या लोभाने बाप आपल्या मुलीचे लग्न एका म्हाताऱ्याशी लावू पाहतो, हे त्याचे कथानक. येथे शेवटी लग्न मोडते ते वधूवरांचे गोत्र एकच निघाल्यामुळे. म्हणजे शारदेची सुटका होते, पण तिच्या नकारामुळे नव्हे! पुढे १९२९ मध्ये मुलींसाठी चौदा आणि मुलांसाठी अठरा हे विवाहाचे किमान वय ठरवणारा कायदा झाला. तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. मात्र हे नाव नाटकावरून नव्हे, तर कायद्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा (शारदा) यांच्यावरून पडले.

शारदेला जे साधले नाही, ते नीराने करून दाखवले. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. (हरी नारायण आणि नारायण हरी या दोन वेगळ्या लेखकांच्या नावांत गल्लत करू नये.) हाच चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. त्यामुळे नीराची कहाणी महाराष्ट्राबाहेरील हिंदी मुलखातही पोहोचू शकली. जबलपूरच्या घमापूरमधील मराठी कुटुंबाला ती आपल्या भाषेत ऐकता येईल आणि शेजारच्या हिंदी कुटुंबालाही तितकीच समजेल.

नीराचे लग्न फसवून एका वयस्क, विधुर वकिलाशी लावले जाते. पण ती त्याला पती मानण्यास नकार देते. तिचे वाद चालतात, तिची कोंडी होते, तरी ती माघार घेत नाही. शांता आपटे यांनी ही भूमिका विलक्षण ताकदीने केली, तर काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची होती. हे काकासाहेब खलनायक नाहीत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या हातून अन्याय झाला, हे त्यांना क्रमाक्रमाने उमगत जाते. शेवटी ते आत्महत्या करतात आणि नीराने पुनर्विवाह करावा, अशी इच्छा मागे ठेवतात. नीराच्या नकाराने एक माणूस बदलतो. पण बदलूनही त्याला जगण्याची वाट दिसत नाही. म्हणूनच हा शेवट आजही आपल्याला अस्वस्थ करतो.

जे कादंबरी शब्दांनी सांगते, ते चित्रपट दृश्याने व ध्वनीने सांगतो. काकासाहेबांच्या घरातील जुने भिंतीवरचे घड्याळ हे त्यांच्या वार्धक्याचे प्रतीक बनते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. वस्तूंचे व घरातील नेहमीचे आवाजच प्रसंगांची साथ करतात. सौभाग्याचे चिन्ह असलेले कुंकू येथे प्रश्नचिन्ह होऊन जाते.

लग्नानंतरचा होकार

होकार हा केवळ लग्नाच्या दिवशी विचारण्याचा विषय आहे काय? विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेने (त्या पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून परिचित झाल्या) १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली. पतीपासून दुरावलेल्या अचलेला पुन्हा प्रेम लाभते, पण त्याला लग्नाचे रूप देता येत नाही. अशा स्त्रीने जगावे कसे, हा तिच्यापुढील पेच आहे. घटस्फोटाची तरतूद देशभरातील हिंदूंसाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे या पेचाची तीव्रता कळते.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ मध्ये आला. त्यातील सुलभाला (स्मिता पाटील) सुस्थित घर, पती, मुलगी सारे काही आहे. एका महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून ती दूरच्या गावी जाते. परत आल्यावर पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचे तिला कळते, आणि ती घर सोडते. येथे बळजबरीचे लग्न नाही, वृद्ध वर नाही. तरी आपल्या कामाला घराचा मनापासूनचा होकार मिळाला नाही, ही तिची वेदना आहे.

निवड आणि तिची किंमत

आता आपण अलीकडच्या काळाकडे येऊ. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये आर्ची आणि परशा परस्परांना स्वतः निवडतात. जातीच्या भिंतीमुळे त्यांना गाव सोडून हैदराबादला जावे लागते. तेथे प्रेमाचा खरा कस लागतो : पैशांची चणचण, संशय, भांडण, समेट. संसार मांडणे म्हणजे काय, हे ही दोघे शिकतात. परंतु आर्चीच्या माहेरच्यांनी तिच्या निवडीला कधीच मान्यता दिलेली नसते, आणि त्याची किंमत दोघांना प्राणांनी मोजावी लागते. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाह करण्यास कुटुंबाच्या किंवा जातीच्या संमतीची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केले. आज मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस हे विवाहाचे किमान वय आहे. कायदा पुढे गेला. घरांनी किती पावले टाकली, हे प्रत्येकाने आपापल्या परिसरात पाहावे.

काय शिकायचे?

या कलाकृती क्रमाने पाहिल्या तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक : होकाराविना झालेल्या लग्नातही प्रेम उमलू शकते, जसे यमुना आणि रघुनाथरावांमध्ये, पण त्यावर कोणाचे आयुष्य सोपवणे न्याय्य नव्हे. दोन : होकार असला म्हणजे सारे साधले, असेही नाही. होकार हा संसाराचा उंबरठा आहे; त्यापलीकडचे घर रोज बांधावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी लग्ने ठरली असतील, काहींची शाळाही लग्नामुळेच सुटली असेल. यापुढे एखादी कादंबरी वाचताना वा चित्रपट पाहताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे लग्न कोणी ठरवले? ज्यांचे लग्न आहे, त्यांना कोणी विचारले काय? आणि त्यांनी ‘नाही’ म्हटले असते, तर ते ऐकले गेले असते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण जेथे नकार देण्याची मोकळीक नसते, तेथील होकारालाही अर्थ उरत नाही.