देणे, फेडणे आणि इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदे

इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’ यांसारखे अव्यय जोडले की मूळ अर्थाला निराळे वळण मिळते. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परभाषिकांची मोठी अडचण म्हणून या रचनेचा निर्देश केला आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र लोगन पिअर्सल स्मिथ याच्या १९२५ मधील ग्रंथातून पुढे आली. पैशाच्या व्यवहारात ही अडचण केवळ शैलीपुरती राहत नाही. देणे संपले की उरले, हे पुष्कळदा त्या अव्ययावरच ठरते.

‘पे’ या क्रियापदाचे मूळ ‘शांती’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पैसे देणे म्हणजे धनकोला शांत करणे. मराठीतील ‘फेडणे’ची प्रतिमा वेगळी. वस्त्र फेडणे, नवस फेडणे, पांग फेडणे या प्रयोगांत गुंडाळलेले वा बांधलेले सोडवण्याचा भाव आहे. ऋण हे येथे बंधन ठरते.

‘पे बॅक’ मध्ये पैसा जेथून आला तेथे परत जातो. ‘पे डाउन’ मध्ये काही रक्कम भरून कर्जाचा बोजा कमी होतो, तर ‘पे ऑफ’ मध्ये कर्ज समूळ संपते. अनुवादात या तिन्हींसाठी सरसकट ‘कर्ज फेडणे’ योजले जाते आणि नेमका भेद हरवतो. वास्तविक मराठीजवळ त्याचे साधन आहे. ‘फेडून टाकणे’ या संयुक्त क्रियापदातील ‘टाकणे’ फेकण्याची क्रिया दाखवीत नाही. ते कार्याची समाप्ती दाखवते, ‘ऑफ’ हे अव्यय स्थान न दाखवता समाप्ती दाखवते तसेच. म्हणून इंग्रजी अव्ययाचा प्रतिशब्द मराठी शब्दयोगी अव्ययांत शोधण्यापेक्षा सहायक क्रियापदांत शोधणे अधिक फलदायी ठरते. (मराठीही परक्या अभ्यासकाला कमी चकवत नाही. हिशेब ‘चुकता करणे’ म्हणजे पुरते देणे, आणि कर ‘चुकवणे’ म्हणजे मुळीच न देणे!)

‘कफ अप’, ‘शेल आउट’, ‘फोर्क आउट’ ही क्रियापदे नाखुशीने पैसे देण्याची आहेत. खोकून बाहेर काढणे, टरफलातून दाणा काढणे ही त्यांतील चित्रे शब्दशः आणणे हास्यास्पद होईल. शिवाय रचनेतही अंतर आहे. इंग्रजीत पैसे देणारा कर्ता असतो. मराठीत नाखुशी आली की तो चतुर्थीत जातो. ‘त्याला हजार रुपये मोजावे लागले’, ‘त्याला भुर्दंड पडला’, ‘त्याच्या खिशाला चाट बसली’. जी नाखुशी इंग्रजीत क्रियापद सांगते, ती मराठीत बव्हंशी विभक्ती आणि ‘लागणे’, ‘पडणे’ ही क्रियापदे सांगतात. ‘रन अप’ तुलनेने सोपे आहे, कारण मराठीतही उधारी ‘चढते’च.

खरा धोका ‘राइट ऑफ’ या प्रयोगात आहे. बँक एखादे कर्ज ‘राइट ऑफ’ करते तेव्हा ती आपल्या ताळेबंदातून ते वगळते. ऋणकोची जबाबदारी त्यामुळे संपत नाही आणि वसुली चालू राहू शकते. ‘वेव्हर’ मध्ये मात्र धनको आपला हक्कच सोडतो. केंद्र सरकारची २००८ ची शेतकरी कर्जमाफी ही दुसऱ्या प्रकारची होती. महाराष्ट्राने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आहे. ‘फेडणे’मागील बंधनाच्या कल्पनेशी तो चांगला जुळतो. ‘राइट ऑफ’साठी वृत्तपत्रीय मराठीत ‘कर्जमाफी’ लिहिले गेले की वाचकाचा समज होतो तो असा की, बड्या कर्जदाराचे देणे कायमचे मिटले. त्यावर उठणारा संताप मग चुकीच्या शब्दावर उभा असतो. वसुली का झाली नाही, हा रास्त प्रश्न बाजूलाच राहतो. बँकांच्या परिभाषेत ‘निर्लेखन’ हा शब्द आहे, परंतु तो सामान्य वाचकाला काही सांगत नाही. त्यापेक्षा व्यापारी मराठीतील ‘बुडीत खाती टाकणे’ हा जुना प्रयोग अधिक अचूक आहे: रक्कम बुडाली ती धनकोच्या वहीत, ऋणको सुटला असे तो कोठेही म्हणत नाही.