बाजरीच्या माहेरची चिमूट

आज बोलू या बाजरीच्या खताबद्दल. किती घालायचं, कधी घालायचं आणि कुठं घालायचं.

पेरणीला सुरुवात झाली की आपण म्हणतो, चाड्यावर मूठ धरली. ही मूठ बऱ्याच घरांत बाईची असते. बी दाट पडतंय की विरळ, हे तिच्या बोटांना न बघता कळतं. खताच्या वेळी मात्र तिला कुणी विचारत नाही. गोणी येते उधारीवर. दुकानदार सांगेल तेवढी घ्यायची आणि शेजारी टाकेल तेव्हा टाकायची.

आमच्या घरीही हेच झालं होतं. एका वर्षी बाजरी गुडघ्याला आली. शेजारच्या रानात युरिया पडला म्हणून आम्हीही अख्खी गोणी फोकून दिली. माती कोरडी होती, पण आभाळ भरून आलेलं. वाटलं, आज-उद्या पडेल. पाऊस आला वीस दिवसांनी. कणसं भरली नाहीत आणि गोणीची उधारी दिवाळीपर्यंत फेडत बसलो.

ते खत गेलं कुठं? कोरड्या मातीत मुळाला खत घेता येत नाही. ते पाण्यात विरघळलं तरच मुळात शिरतं. वर पडलेल्या युरियातलं बरंचसं नत्र उन्हात हवेत उडून जातं. त्यावर एकदम जोराचा पाऊस आला तर उरलेलं वाहून जातं. आणि ओळींच्या मधे पडलेलं खत आधी तणाच्या पोटात जातं.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. बाजरीचं माहेर पश्चिम आफ्रिका. तिथूनच ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. आपल्याकडं २०१२ साली आलेल्या ‘धनशक्ती’ या लोहयुक्त वाणाचं मूळही तिकडच्या टोगो देशातल्या बाजरीत आहे. त्याच भागात नायजर नावाचा देश आहे. रेताड जमीन, तीन-चार महिन्यांचा लहरी पाऊस आणि रोजच्या जेवणात बाजरी. गोणीभर खत घ्यायची तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांची ऐपत नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचं एक केंद्र नायजरमध्ये आहे. तिथं एक साधी पद्धत पुढं आली. तिकडं बाजरी टोकून लावतात. शेतभर खत फेकण्याऐवजी प्रत्येक टोकणीत बाटलीच्या झाकणात मावेल एवढंच, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मिश्र खत द्यायचं. झाकण नसेल तर तीन बोटांची चिमूट. हेक्टरी १०,००० टोकणी धरल्या तर हे होतं ६० किलो. आपल्या हिशेबानं एकरी अर्धी गोणी. एवढ्यावर बिनखताच्या रानापेक्षा उत्पन्न अनेक ठिकाणी दीडपटीपासून दुपटीपर्यंत गेलं.

चिमूटभर खतानं एवढा फरक का पडतो? रोप कोवळं असताना मुळाशेजारीच स्फुरद मिळालं की मूळ झटकन खोल जातं. खोल गेलेलं मूळ खालची ओल शोधतं. मग पावसानं ओढ दिली तरी पीक तग धरतं आणि थोडं लवकर हाती येतं.

आपण बाजरी पाभरीनं पेरतो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर. एवढ्या रोपांना एकेक चिमूट घालणं शक्य नाही. पण दोन चाड्यांची पाभर तेच काम करते. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. खत बियापासून दोन-तीन बोटं खाली किंवा बाजूला पडलं पाहिजे. युरिया बियाला चिकटला तर कोंब जळतो.

हिशेब लिहून घ्या. कोरडवाहू हलक्या जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एकराला होतं सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी आणि सुमारे ३५ किलो युरिया. पालाशचं माती परीक्षण बघून ठरवा. सुपरची सगळी गोणी आणि निम्मा युरिया पेरतानाच द्या. दोन्ही एकत्र केल्यावर पाणी सुटतं, म्हणून ऐन पेरणीच्या वेळीच मिसळा.

उरलेला निम्मा युरिया पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांनी, खुरपणी झाल्यावर, ओळीलगत द्या. पण आधी चार बोटं खोल उकरा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल आहे, खत द्या. माती भुरभुर सुटली तर थांबा. पाऊस आलाच नाही तर गोणीचं तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा. तो युरिया रब्बीला चालेल.

एक मात्र विसरू नका. नुसत्या चिमटीवर जमीन वर्षानुवर्षं चालत नाही. आपण कणीस नेतो, सरमाडही नेतो, मग रानाला काहीतरी परत द्यायला हवं. एकरी दोन टन शेणखत मिळालं तर उत्तम, आणि बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ठेवा. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात आणि तिचा पाला गळून मातीत जातो.

यंदा गोणी आणायच्या आधी घरात बसून हा हिशेब करा. गोणी किती आणायची हे दुकानात नाही, घरात ठरू द्या. आणि मृगाला बियाच्या चाड्यावर मूठ धराल, तेव्हा खताच्या चाड्यावरही तुमची नजर राहू द्या. रामराम.