कंपन्यांचा दुसरा ताळेबंद

आपल्या न्यासाची वार्षिक सभा भरते तेव्हा चिटणिसांचे अहवालवाचन चालू असता मंडळींचे लक्ष बहुधा बाहेर मांडलेल्या चहाकडे असते. परंतु जमाखर्चाचे पान निघाले, की मागच्या रांगेतील एखादे वयोवृद्ध सभासद चष्मा सावरून उठतात आणि विचारतात, "मंडपाचा खर्च गेल्या सालापेक्षा इतका कसा वाढला?" चिटणीस कागद चाळू लागतात, खजिनदार घसा खाकरतात, आणि पुढील साली मंडपवाल्याशी आधीच घासाघीस होते. आकडा छापला गेला म्हणून प्रश्न निघाला, आणि प्रश्न निघणार हे ठाऊक असल्यामुळे हात आखडला. आज सरकार आणि शेअरबाजार मोठमोठ्या कंपन्यांकडून जो एक नवा हिशेब मागू लागले आहेत, त्याच्या मुळाशी असलेली कल्पना ह्याहून फार निराळी नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आमचा पेशा शिक्षकाचा. शेअरबाजारात आमची उठबस नाही. तेव्हा वर्गात समजावून सांगावे तसेच येथे सांगत आहोत.

कंपनीचा पहिला ताळेबंद पैशाचा असतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या हिशेबात विचारणा निराळी होते. वर्षभरात पाणी किती उपसले? वीज आणि कोळसा किती जाळला, हवेत काय काय सोडले? कचरा किती निघाला आणि तो गेला कोठे? कामावर अपघात किती झाले, माणसे किती दगावली? कायम कामगार किती, कंत्राटी किती, त्यांत स्त्रिया किती? कायदा मोडल्याबद्दल दंड कोठे भरावा लागला काय? ह्या हिशेबाचे सरकारी नाव 'व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल' असे लांबलचक असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास बीआरएसआर म्हणतात. 'शाश्वतता' हा शब्द आम्हांस थोडा जड वाटतो. आज खाऊन उद्यासाठी उरेल अशा बेताने चालणे, एवढा अर्थ वाचकांनी घेतला तरी पुरे.

असा हिशेब लागतो कशाला, हे इंदूरच्या माणसाला लांबून समजावून सांगण्याचे कारण नाही. भोपाळ येथून दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. तेथील कारखाना ज्या युनियन कार्बाइड इंडिया कंपनीचा होता, तिचे 50.9 टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते आणि उरलेले येथील वित्तसंस्था व सामान्य भागधारक ह्यांच्याकडे. 1956 च्या कंपनी कायद्याप्रमाणे दरसाल ताळेबंद निघत होता. परंतु 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट साठविलेले आहे आणि भोवती वस्ती आहे, ही गोष्ट पैशाच्या हिशेबात लिहावी असे कोणताही कायदा सांगत नव्हता. मे 1982 मध्ये मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी कारखाना तपासून सुरक्षिततेतील उणिवा नोंदविल्या होत्या. तो कागद कंपनीतच राहिला. राजकुमार केसवानी ह्या भोपाळच्या पत्रकाराने त्याच वर्षापासून 'रपट' ह्या आपल्या लहानशा साप्ताहिकातून धोक्याचा इशारा दिला होता. साप्ताहिक छोटे आणि कंपनी मोठी! 1984 च्या डिसेंबरातील दुसऱ्या व तिसऱ्या तारखेच्या दरम्यानची रात्र उजाडेपर्यंत माणसे हजारोंनी गेली.

ह्या रात्रीतून एक कायदा जन्मला, पण तो भोपाळच्या देशात नव्हे, अमेरिकेत. ऑगस्ट 1985 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील त्याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि तेथील लोक खडबडून जागे झाले. ऑक्टोबर 1986 मध्ये तेथे कायदा झाला, की ठरावीक कारखान्यांनी दरसाल कोणते विषारी द्रव्य हवेत, पाण्यात व जमिनीत किती सोडले ते सांगावे, आणि ती यादी सामान्य नागरिकास पाहता यावी. गंमत अशी, की ह्या तरतुदीने धूर कमी करा असे कोणास सांगितले नव्हते. फक्त आकडा सांगा, एवढेच तिचे म्हणणे होते. आकडे बाहेर पडण्याची वेळ जवळ आली, तेव्हा मोन्सॅन्टो ह्या रसायन कंपनीच्या प्रमुखांनी 1988 मध्ये स्वतः होऊन जाहीर केले, की हवेत सुटणारी आपली विषारी द्रव्ये 1992 अखेर 90 टक्क्यांनी घटवू. 1989 च्या जून महिन्यात पहिली यादी प्रसिद्ध झाली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की यादीत नाव आलेल्या कंपन्यांच्या शेअरांचे भाव त्या बातमीसरशी उतरले होते. धुराचा आणि शेअरबाजाराचा असाही संबंध असतो, हे तेथे दिसून आले.

आपल्याकडे ह्या कामास बराच उशीर लागला. 1988 च्या नियमांनी संचालकांच्या अहवालात ऊर्जाबचतीची माहिती मागितली होती. तिच्यापलीकडे फारसे काही नव्हते. 2011 मध्ये केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने उद्योगांसाठी नऊ तत्त्वे सांगितली. ती पाळावयाची की नाही, हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. खरा बदल झाला तो 13 ऑगस्ट 2012 रोजी. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी ह्या मंडळाने परिपत्रक काढले, की बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांनी ह्या तत्त्वांबाबतचा अहवाल वार्षिक अहवालासोबत दिलाच पाहिजे. 2015 च्या दुरुस्तीने शंभराच्या पाचशे झाल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने हजार.

पण त्या पहिल्या अहवालांत एक पळवाट होती. बरेचसे प्रश्न होय-नाही ह्या धर्तीचे. अमुक बाबतीत आपले धोरण आहे काय? होय. ते संचालक मंडळाने मंजूर केले आहे काय? होय. परीक्षेत अशी प्रश्नपत्रिका काढली तर आमच्या वर्गातील एकही मुलगा नापास होणार नाही! म्हणून 10 मे 2021 च्या परिपत्रकाने नमुनाच बदलला. 'होय'ऐवजी आकडे मागितले. तेही चालू वर्षाचे आणि मागील वर्षाचे शेजारी शेजारी. 2021-22 हे वर्ष सवयीसाठी ऐच्छिक ठेवले आणि 2022-23 पासून पहिल्या हजार कंपन्यांस सक्ती झाली. जुलै 2023 मध्ये आणखी एक पाऊल पडले. निवडक महत्त्वाचे आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावेत, असे ठरले: 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्यांनी, मग 250, मग 500, आणि 2026-27 मध्ये हजारांनी.

हे काम शेअरबाजारावर का सोपविले, असे कोणी विचारील. त्याचे कारण बाजाराच्या दारात आहे. लोकांकडून भांडवल उभारावयाचे आणि शेअरांची जाहीर खरेदीविक्री व्हावयाची, तर कंपनीस बाजाराच्या यादीत नाव घालावे लागते, आणि नाव घालताना बाजाराच्या अटी मान्य कराव्या लागतात. हे दार आपल्या गावासही अपरिचित नाही. 1956 च्या कायद्यानंतर ज्या मोजक्या शेअरबाजारांना सरकारमान्यता मिळाली, त्यांत मुंबई-कलकत्त्याबरोबर इंदूरचेही नाव होते. आता तो बाजार राहिला नाही, असो. अहवाल वेळेवर न दिल्यास बाजार कंपनीस दंड करतो, तो दिवसाला 2,000 रुपये. एवढ्या मोठ्या कंपन्यांना ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च होय. खरा धाक निराळा आहे. सर्वांचा साचा एकच आणि तो यंत्रास वाचता येईल असा. त्यामुळे एका सिमेंट कंपनीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवावयास गुंतवणूकदारास मिनिटही लागत नाही, आणि ज्याचा आकडा वाईट त्यास कारण सांगत बसावे लागते. काही बाजार धाकाबरोबर मानही देतात. जोहान्सबर्गच्या बाजाराने 2004 मध्येच अशा निकषांवर उतरणाऱ्या कंपन्यांचा स्वतंत्र निर्देशांक काढला, आणि 2012 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बाजाराने 'ग्रीनेक्स' काढला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यासारख्या संस्थांत कंपन्यांच्या समाजकार्याचा विषय निघतो, तो देणगीच्या अंगाने. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते, आणि 1 एप्रिल 2021 पासून ती रक्कम घेऊ इच्छिणाऱ्या न्यासास नोंदणी करावी लागते, हे आपल्या विश्वस्तांस ठाऊक आहेच. ती रक्कम मिळाली तर आनंदच आहे. परंतु नफ्यातून काय दिले हा एक हिशेब आणि नफा मिळविताना काय केले हा दुसरा. पहिल्याच्या पावतीने दुसऱ्याची फेड होत नाही.

गेल्या साली आम्ही अकरावी वाणिज्यच्या मुलांपुढे एका कंपनीचा अहवाल ठेवला. तिचा एक कारखाना पीथमपूरला आहे आणि वर्गातील दोघांचे वडील तेथे कामास जातात. अहवाल जाडजूड, पहिल्या पानांवर हिरवीगार झाडे आणि हसरी मुले. मुलांना आम्ही म्हटले, चित्रे सोडा आणि पाण्याचा तक्ता काढा. तक्ता सापडला. त्यात एकूण पाण्याखाली आणखी एक ओळ असते: उलाढालीच्या दर रुपयामागे पाणी किती लागले. ती ओळ घटलेली पाहून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे कंपनीने पाणी वाचविले."

आम्ही फळ्यावर एक उदाहरण मांडले. समजा, एका कारखान्याने 5 लाख किलोलिटर पाणी वापरले आणि माल विकला 100 कोटींचा; म्हणजे कोटीमागे 5,000 किलोलिटर. पुढील साली माल तेवढाच, पाणीही तेवढेच, फक्त भाव वाढविल्यामुळे विक्री 125 कोटींची झाली. आता कोटीमागे पाणी 4,000. म्हणजे 20 टक्के घट आणि वाचलेले पाणी शून्य! मुले हसली. मग आम्ही त्यांस सांगितले, की ही ओळ निरुपयोगी नाही. लहानमोठ्या कंपन्यांची तुलना तिच्यावाचून व्हावयाची नाही. पण तिच्या वरची ओळही वाचावी.

दुसरा प्रश्न ज्याने विचारला त्या मुलाचे घर पीथमपुरातच आहे. तो म्हणाला, "सर, हे पाणी सगळ्या कंपनीचे झाले. आमच्याकडच्या कारखान्याचे किती?" आम्ही पाने उलटली, उत्तर मिळाले नाही. कारण सक्तीच्या तक्त्यात कंपनीची एकूण बेरीज द्यावयाची असते. पाण्याची टंचाई असलेल्या भागातील कारखान्यांचे आकडे वेगळे देण्याची जागा नमुन्यात आहे, पण ती ऐच्छिक रकान्यात. आमच्या मते ह्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे न्यून येथे आहे. अमेरिकेच्या कायद्याने कारखानावार आकडा मागितला, कारण तो शेजाऱ्यासाठी होता. आपला अहवाल शेअरबाजाराच्या दारातून आला, म्हणून तो भागधारकाशी बोलतो. भागधारकास बेरीज पुरते. शेजाऱ्यास पुरत नाही. शिवाय ज्या कारखानदाराचे नाव बाजारात नाहीच, तो ह्या सर्वांतून मोकळा. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, अशी तरतूद 2023 मध्ये केली होती. 2025 मध्ये ती ऐच्छिक करण्यात आली. उद्योगांवर कागदांचा बोजा फार होतो, ही तक्रार अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बोजा उतरविताना पहिला हात नेमका ह्याच गाठोड्यास लागावा, हे आम्हांस रुचले नाही.

पीथमपूरकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. भोपाळच्या त्या कारखान्यातील 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये तेथेच आणला गेला आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली जून अखेरपर्यंत जाळण्यात आला. त्या वेळी जी निदर्शने झाली त्यांत लोकांचे मागणे सरळ होते: आमच्या हवेत आणि पाण्यात काय जाणार, ते आम्हांस सांगा. चाळीस वर्षांनंतरही विचारणारा कुंपणाबाहेरच उभा होता.

वर्गातील त्या मुलाने मात्र विषय सोडला नाही. अहवालाच्या पहिल्याच भागात एक तक्ता असतो: वर्षभरात भागधारक, कामगार, ग्राहक आणि परिसरातील लोक ह्यांच्याकडून तक्रारी किती आल्या आणि वर्षअखेर किती निकालावाचून राहिल्या. परिसरातील लोकांच्या ओळीत त्या कंपनीने शून्य लिहिले होते. मुलाने वहीचे पान फाडले आणि कंपनीच्या नावे साध्या भाषेत पत्र लिहिले, की पीथमपूरच्या कारखान्याने गेल्या वर्षी किती पाणी घेतले आणि किती सोडले ते कळवावे. खाली पंधरा जणांच्या सह्या झाल्या. शुद्धलेखन आम्ही तपासून दिले. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेले, पोचपावती आली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. पुढील अहवालात त्या ओळीत शून्यच राहते की एक होतो, ते पाहण्यासाठी मुलांनी अहवाल निघण्याची तारीख वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे, आणि फळा पुसताना ती पुसली जाणार नाही ह्याची पाळी लावली आहे.