भाग 4 : ऑपरेटर – छोटी चिन्हं, मोठे घोटाळे

मागच्या भागात आपण व्हेरिएबल पाहिले, म्हणजे माहिती ठेवायचे नाव लावलेले डबे. आज पाहू, त्या माहितीचं काय करायचं हे सांगणारी चिन्हं, म्हणजेच ऑपरेटर. 7 + 5 मध्ये + हा ऑपरेटर. 7 आणि 5 हे त्याचे ऑपरंड.

आधी माझी एक फजिती सांगतो. बेंगळुरूत इंदिरानगरला, सीएमएच रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी नुकताच पायथन शिकत होतो. महिन्याचा हिशोब प्रोग्रॅमने करायचा म्हणून ही ओळ लिहिली (पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात):

वाटा = किराणा + वीजबिल / 4

किराणा 3600 रुपये, वीजबिल 1200. उत्तर आलं 3900.0. मी ते न बघताच ग्रुपवर टाकलं आणि झोपलो. सकाळी दोघांनी विचारलं, "अरे, हे काय?" तिसरा कोल्हापूरहून नवा आलेला, पहिला पगारही झालेला नव्हता. त्याने मुकाट्याने 3900 पाठवून दिले होते. "कॉम्प्युटरने काढलंय, म्हणजे बरोबरच असणार," म्हणाला. त्याचा खरा वाटा होता 1200.

पायथनचं काहीच चुकलं नव्हतं. बेरजेआधी भागाकार करायचा हा नियम त्याने पाळला आणि फक्त वीजबिलाचे चार भाग केले. मला हवं होतं ते असं:

वाटा = (किराणा + वीजबिल) / 4

शाळेतलं 'कंचेभागुबेव' आठवतं ना? ते इथे उपयोगी आहे, पण एक फरक लक्षात ठेवा. पायथनमध्ये गुणाकार आणि भागाकार एकाच पायरीवर असतात. जो डावीकडे, तो आधी. म्हणून 7 * 3 // 2 चं उत्तर 10 येतं, 7 नाही. शंका असेल तिथे सरळ कंस घाला.

आता वरचं // हे चिन्ह. 1250 रुपये चौघांत वाटायचे आहेत:

1250 / 4 = 312.5
1250 // 4 = 312
1250 % 4 = 2

/ पूर्ण भागाकार करतो, // अपूर्णांक सोडून भागाकार देतो आणि % बाकी देतो. म्हणजे प्रत्येकी 312 रुपये, आणि 2 रुपये उरले. इथे % म्हणजे टक्के नव्हे! बिलावर 5 टक्के कर काढायचा तर 1250 * 5 / 100 असंच लिहावं लागतं. संख्या सम आहे का, हे % ने चटकन कळतं: 2 ने भागून बाकी 0, तर सम.

शेवटची जोडी सगळ्यात महत्त्वाची: = आणि ==. एक = म्हणजे हुकूम: "उजवीकडची किंमत डावीकडच्या डब्यात ठेव." दोन == म्हणजे प्रश्न: "दोन्ही सारखे आहेत का?" उत्तर मिळतं ट्रू किंवा फॉल्स.

एवढ्याशा फरकाने काय होतं? नोव्हेंबर 2003 मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वाचताना वाटे, वापरणाऱ्याचा क्रमांक 0 आहे का, एवढंच तपासलंय. पण तिथे == ऐवजी = होतं. लिनक्समध्ये 0 क्रमांक म्हणजे रूट, सर्वाधिकारी. म्हणजे तो प्रश्न नव्हता, तर सगळे अधिकार बहाल करणारा हुकूम होता! मूळ कोडशी प्रत जुळेना, म्हणून ते वेळेत पकडलं गेलं. ती भाषा होती सी. पायथनमध्ये 'इफ'च्या अटीत एकच = लिहिलं तर प्रोग्रॅम चालतच नाही, सिंटॅक्स एरर येते.

पण माझ्या हिशोबासारखी चूक कुठलीच भाषा पकडत नाही. म्हणून उत्तर आलं की आधी तोंडी अंदाज घ्या: 4800 चे चार भाग, 3900 कसे होतील?

गृहपाठ: 20 - 8 / 4 * 2 आधी वहीत सोडवा, मग पायथनमध्ये चालवून पाहा. भेटू पुढच्या भागात!