हा म्हातारचळ नव्हे

‘आई कालपर्यंत ठणठणीत होती, आज मला ओळखत नाही,’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, हे कधीपासून? स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्‌महिने वाढत जातो. एक-दोन दिवसांत उडालेला गोंधळ म्हणजे बहुधा ‘डिलिरियम’; ती आजाराची खूण असते. लघवीतला जंतुसंसर्ग हे त्याचं एक कारण. उतारवयात त्यात ताप, जळजळ नसूही शकते. मात्र अनेक वृद्धांच्या लघवीत जंतू त्रास न देताही असतात. म्हणून नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊन भागत नाही. शरीरातलं पाणी, सोडियम, साखर, छातीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नवी झोपेची गोळी, सगळं पाहावं लागतं. ‘वय झालं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या; चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर घ्या.